युनिटेरियन चर्चच्या वहीत सही करावी का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. धागा कुठे टाकावा कळेना, 'धार्मिक'मध्ये टाकला तर धार्मिक लोक रागावतील आणि 'परदेशातलं जीवन'मध्ये टाकला तर व्हिसावाले, म्हणून गप्पांमध्ये टाकतेय. ॲडमिननी हवा तर हलवावा.

आम्ही ओहायोत एका लहान गावात राहतो. मराठी मंडळ पाऊण तासावरच्या शहरात, तेही गणपती-दिवाळीपुरतं. शेजारच्या बाईंच्या नादाने मी इथल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्ये रविवारी जायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे नावापुरतं चर्च. येशूला देव मानलंच पाहिजे असं नाही, मुळात देव मानलाच पाहिजे असंही नाही. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट असे दोन जुने पंथ १९६१ मध्ये एक झाले, कचेरी बॉस्टनला, पण मिनिस्टर (म्हणजे धर्मगुरू) कोण हवा ते प्रत्येक ठिकाणचे सभासद मतं देऊन ठरवतात. माझ्या बाकावर केमिस्ट्रीचे एक रिटायर्ड प्रोफेसर बसतात (कट्टर नास्तिक, पण गाणी सगळ्यात मोठ्याने म्हणतात), एक ज्यू बाई, लग्न केलेल्या दोघीजणी आणि त्यांचा मुलगा, आणि मी, जी घरी गुरुवारी दत्ताची आरती करते.

सुरुवातीला चॅलिस म्हणजे पेल्यातला दिवा लावतात. मग 'सुखदुःख' असतं. ज्याला काही सांगायचंय त्याने पुढे यायचं, पाण्याच्या काचेच्या भांड्यात एक गोटा सोडायचा आणि सांगायचं. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या नातीला नोकरी. मध्ये एक आजोबा आले, गोटा बराच वेळ हातात फिरवला, काहीच न बोलता सोडला आणि जागेवर जाऊन बसले. नंतर कॉफीच्या वेळी कुणी खोदून विचारलं नाही, फक्त एकीने त्यांच्या प्लेटमध्ये केकचा तुकडा ठेवला. हे मला फार आवडलं. आपल्याकडे 'काय झालं, कुणाचं, कधी' सुरू झालं असतं.

आता खटकणारं. न्याय, न्याय, न्याय. बाहेर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'चा फलक, इंद्रधनुष्याचा झेंडा, सगळं छान. पण कडाक्याच्या थंडीत बेसमेंट बेघरांना रात्री झोपायला उघडायचं का यावर सभा भरली तर विमा, स्प्रिंकलर, शेजाऱ्यांचं पार्किंग यातच सगळा वेळ गेला. विरोध कुणाचाच नाही हं. आणि ठरावही नाही. वर न्याय समितीने मला, म्हणजे एका देशस्थ ब्राह्मण बाईला, जातिव्यवस्थेवर बोलायला बोलावलंय, कारण सिअ‍ॅटलचा जातिभेदाला बंदी घालणारा २०२३ चा कायदा त्यांनी पेपरात वाचला आणि ओळखीची भारतीय मी एकटीच.

सभासद व्हायचं तर एका जुन्या वहीत सही करायची असते. मिनिस्टर बाईंनी दोनदा हळूच विचारलंय. करावी का? दत्ताचं काय? आणि ज्यांची श्रद्धा एक नाही ते लोक एकत्र राहतात ते नक्की कशावर? कुणी जातं का इथलं?

चहाटळ
पहिला! सही करण्याआधी वर्गणी किती ते बघा.

पिंपळपान
आहे हो वर्गणी, 'प्लेज' म्हणतात. आकडा आपणच लिहायचा. आपण लिहायचा म्हटल्यावर जास्त लिहिला जातो.

प्रशांत_नाही
देव नाही, स्वर्ग नाही, नरक नाही आणि तरी रविवारी सकाळी आंघोळ करून जायचं? यापेक्षा झोप काढावी. सिरीयसली विचारतोय, रोटरी क्लबमध्ये आणि यात फरक काय? तिथेही समाजसेवा आणि केक असतो.

गिरगावकर_७१
पिंपळपानताई, तुम्ही ओहायोत जे बघताय ते आमच्या गिरगावात १८६७ पासून आहे. प्रार्थना समाज. आता लोकांना तो बसस्टॉप वाटतो, कंडक्टर ओरडायचा म्हणून. देऊळ अजून उभं आहे, मूर्ती नाही, लहानपणी आजोबांबरोबर रविवारच्या उपासनेला गेलोय. तुकोबांचे अभंग, थोडं उपनिषद, एक प्रवचन. आजोबांचं घरचं देवघर तसंच चालू होतं, आजी पूजा करायची, त्यात त्यांना विसंगती वाटायची नाही. तेव्हा दत्ताची काळजी करू नका.

युनिटेरियनांशी नातं तर सरळ आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. १९०३ मध्ये परत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, परळला अस्पृश्य मुलांच्या शाळेपासून सुरुवात. त्यांची बहीण जनाक्का स्वतः त्यात राबली. म्हणजे उदार धर्मातून न्यायाचं काम उभं राहतं, हा इतिहास आहे, नुसती कल्पना नाही.

प्रशांत, रोटरीत कुणी पुढे येऊन माझी आई आजारी आहे म्हणून गोटा सोडतं का?

चहाटळ
कॉफी जपून प्या ताई. १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं रामायण झालं होतं. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. इथे तर केकपण आहे.

माऊलीभक्त
मला यात कोरडेपणा वाटतो, राग मानू नका. वारीत कोण शेजारी चालतंय हे कुणी विचारत नाही, ना सही, ना सभा, ना समिती. एकच नाव, एकच वाट. श्रद्धा एक असली की माणसं आपोआप एक होतात, ते ठरावाने होत नाही. तुमचे प्रोफेसर मोठ्याने गातात ते कुणासाठी गातात?

भीमथडी
@माऊलीभक्त, आपोआप? चोखोबांची समाधी पायरीपाशी आहे, आत नाही. आणि पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. एकच नाव आणि एकच वाट होती की तेव्हाही.

@गिरगावकर_७१, शिंद्यांबद्दल आदर आहेच, पण तुम्ही गोष्ट अर्धी सांगितली. प्रार्थना समाज शिकलेल्या, बहुतेक ब्राह्मण आणि वरच्या जातींच्या लोकांचाच राहिला. जात मोडलीच पाहिजे अशी सभासदत्वाची अट त्यांनी घातली नाही. शिंद्यांनी १९१० मध्ये तिथलं प्रचारकाचं काम सोडलं. आणि फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८८५ मध्ये, रानड्यांच्या ग्रंथकार सभेला यायला नकार देताना हाच मुद्दा मांडला होता, की माणसाला माणसाचे हक्क द्यायला जे तयार नाहीत त्यांच्यात येऊन बसून आमचं काय होणार. 'घालमोडे दादा' शब्द तिथला.

आता ताईंचा किस्सा बघा. जातीवर बोलायला कुणाला बोलावलं? त्यांच्या मनात वाईट काही नाही, नसतंच. ज्यांचं काही जाणार नाही अशा लोकांचा न्याय असाच असतो, ओळखीतल्या ओळखीत.

शेवग्याची_शेंग
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. कुणी खिसकू नका.

प्रशांत_नाही
भीमथडींशी सहमत. हे वाक्य मी पहिल्यांदाच टाइप करतोय.

गिरगावकर_७१
भीमथडी, मुद्दा मान्य, पण अट का नव्हती तेही बघा. त्याआधी परमहंस मंडळी होती, १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंगांनी वगैरे काढलेली. तिथे अट होती! ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, तेव्हा सभासद. सगळं गुप्त. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हटल्यावर मंडळीच विरघळली. दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग पुढे प्रार्थना समाजात होते, त्यांनी हे जवळून पाहिलेलं. म्हणून त्यांनी सावकाशीचा रस्ता धरला. तो बरोबर होता असं मी म्हणत नाही. रानड्यांसारखा माणूस विधवाविवाहाचा कैवारी, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पण पंढरपूरला याच लोकांनी १८७५ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम काढला. त्या मुलांना समाज ब्राह्मणांचा होता की कुणाचा याने काय फरक पडला?

भीमथडी
त्या मुलांना नसेल पडला. समाजाला पडला. म्हणून तो बसस्टॉप झाला.

चहाटळ
जोरात बसला.

सातासमुद्रापार
बॉस्टनकडून. मी जाते यूयू (युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट) चर्चला, सही करून बरीच वर्षं झाली, म्हणून आतलं सांगते.

पिंपळपान, तुझी सभा आणि आमची सभा एकच. लोकशाहीने चालणारा धर्म म्हटला की मिनिट्स, दुरुस्त्या आणि 'मुद्द्याची माहिती हवी' म्हणून हात वर करणारे एक काका आलेच. आमची सात तत्त्वं इतकी वर्षं भिंतीवर होती, २०२४ च्या अधिवेशनात ती काढून त्याजागी मूल्यं आणली, मध्यभागी प्रेम. त्यावर एवढी भांडणं झाली की काही लोकांनी येणंच सोडलं. प्रेमावरून!

पण भीमथडी म्हणताहेत त्यात थोडं घालते. आमच्याकडे सगळे जेम्स रीबचं नाव घेतात. बॉस्टनचे यूयू मिनिस्टर, १९६५ च्या मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हाकेवरून काळ्यांच्या मतदान हक्काच्या मोर्चासाठी अलाबामातल्या सेल्माला गेले, गोऱ्या गुंडांनी रस्त्यात मारलं, दोन दिवसांनी वारले. खुद्द अध्यक्ष जॉन्सनचा फोन त्यांच्या बायकोला. त्याच सुमारास, काही आठवडे आधी, जिमी ली जॅक्सन नावाच्या काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली होती, खरं तर मोर्चा त्याच्यामुळे निघाला, त्याच्या घरी कुठला फोन. हे आम्हाला आमच्याच प्रवचनात सांगितलं, लपवलं नाही. आणि त्याहून बोचणारं म्हणजे १९६८ ला क्लीव्हलंडच्या अधिवेशनात काळ्या सभासदांच्या मंडळाला चार वर्षांत दहा लाख डॉलर द्यायचं मोठ्या बहुमताने ठरलं, पुढे पैसे कमी पडतात म्हणून हप्ते लांबवले आणि कितीतरी काळे सभासद कायमचे निघून गेले. बँडएड लावून भरणारी जखम नाही ती, आजही बाकांवर दिसते. माझ्या चर्चमध्ये गोरे नसलेले आम्ही एका टेबलाभोवती मावतो.

मग मी का जाते? जूनच्या आसपास आमच्याकडे फुलांची उपासना असते. प्रत्येकाने एक फूल आणायचं, एका टोपलीत ठेवायचं आणि जाताना दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन जायचं. प्रागच्या नॉर्बर्ट चापेकनी १९२३ मध्ये सुरू केलं, कारण त्यांच्या मंडळीत कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू सगळ्यांतून आलेले लोक होते आणि ब्रेड-वाइन म्हटलं की कुणीतरी दुखावणार. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना मारलं. गेल्या वर्षी मी बागेतला झेंडू नेला आणि माझ्या वाट्याला प्लास्टिकचं फूल आलं, कारण एक आजी व्हीलचेअरवरून आल्या होत्या आणि त्यांना नर्सिंग होममध्ये तेवढंच मिळालं. अजून फ्रिजवर आहे.

माऊलीभक्त
@भीमथडी, साने गुरुजीही त्याच अभंगांवर वाढलेले होते हे विसरू नका. बंद करणारे आणि उघडणारे दोन्ही तिथलेच. पण 'आपोआप' शब्द मागे घेतो.

@सातासमुद्रापार, फुलाचं आवडलं.

शेवग्याची_शेंग
माऊलीभक्त शब्द मागे घेतात??? स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रेवदंडा
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आमचं घर मराठीच, आता इस्रायलमध्ये. वाचून राहवलं नाही. मुंबईत आमच्यातही असा उदार गट झाला, १९२५ मध्ये, ज्यूइश रिलिजियस युनियन. पुढाकार डॉ. जेरुशा झिराडांचा, कामा हॉस्पिटलमधल्या मोठ्या डॉक्टर. उपासनेत इंग्रजी आलं, बायका-पुरुष शेजारी बसायला लागले. आमची पणजी म्हणे पहिल्यांदा गेली तेव्हा पणजोबांच्या शेजारी बसायची तिलाच लाज वाटली, ती मागे जाऊन बसली. पण हा गट लहानच राहिला. बहुतेक लोक जुन्या सिनेगॉगलाच धरून राहिले आणि घरात मलिदा तो मलिदाच. एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन पोहे, खोबरं, गूळ, फळं. कुठल्याही सुधारणेला मलिद्याचं ताट हलवता आलं नाही.

तेव्हा पिंपळपान, माणसं विचारावर येतात आणि ताटावर टिकतात असं माझं मत. तुमच्या चर्चमध्ये केकच्या प्लेटची जी गोष्ट सांगितली ना, ते लोक त्यावर टिकलेत.

प्रशांत_नाही
म्हणजे मी म्हणालो तेच. केक.

रेवदंडा
नाही. केक कुणाच्या प्लेटमध्ये कुणी ठेवला ते.

टेकडीवरची_हवा
अवांतर: भारतातही युनिटेरियन आहेत, मेघालयात, खासी लोकांत. हाजोम किसोर सिंग नावाच्या खासी माणसाने १८८७ मध्ये जोवाईला सुरू केलं, आणि कुणी गोरा मिशनरी येऊन नाही केलं, त्याला मिशनऱ्यांचा नरक पटला नाही म्हणून केलं. शिलाँगला नोकरीला होते तेव्हा एका उपासनेला बसले होते, सगळं खासीत, एक अक्षर कळलं नाही, लाल चहा मात्र दोनदा मिळाला. ओहायोतल्या चर्चसारखं ते शिकलेल्या श्रीमंतांचं अजिबात नव्हतं, बहुतेक खेड्यातली शेतकरी माणसं. तेव्हा उदार धर्म फक्त पेपर वाचणाऱ्यांचा असतो हे मला पटत नाही.

भीमथडी
हे माहीत नव्हतं. थँक्स. हे वेगळं आहे, कारण ज्यांना नको होतं त्यांनी स्वतः उभं केलं. आम्हीही धम्म घेतला तो असाच, कुणी देणगी दिली म्हणून नाही.

आणि ताई, मी तुमच्यापासून लांब नाही, इंडियानात आहे. आमचा विहार म्हणजे दर महिन्याला कुणाच्या तरी घरचा हॉल, आणि १४ एप्रिलला मोठी जागा लागते तेव्हा, हसू नका, एक यूयू चर्चच भाड्याने मिळतं. पहिल्या वर्षी त्यांनी भाडं घेतलं नाही. आम्ही आग्रहाने दिलं. पुढच्या वर्षीपासून घेतात, आणि खुर्च्या लावायला त्यांचे लोक आमच्याबरोबर असतात. फुकट होतं तेव्हा नुसते येऊन 'खूप छान' म्हणून जायचे. तेव्हा मी सरसकट नावं ठेवत नाहीये.

चहाटळ
भाडं घेतल्यावर खुर्च्या उचलायला लागले, हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणीतरी सांगा.

पिंपळपान
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. दोन आठवडे इकडे आले नव्हते, थंडी आणि मुलाचं आजारपण.

अपडेट. जातीवरचं भाषण मी करणार नाही असं समितीला कळवलं, आणि का तेही सांगितलं. त्यांना आधी वाटलं मला संकोच वाटतोय, मग एक बाई म्हणाल्या, म्हणजे हे १९५५ मध्ये आम्ही मिसिसिपीच्या मळेवाल्याला वर्णभेदावर बोलायला बोलावल्यासारखं झालं का? मळेवाला ऐकून मला लागलं जरा, पण 'अगदी तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. भीमथडी, तुम्हाला निरोप केलाय, बघा.

बेसमेंटचा ठराव पुन्हा सभेत येतोय. स्प्रिंकलरवाल्याने पाहून सांगितलं की दोन दारं बदलली की फायर मार्शलची परवानगी मिळेल. आता अडलंय ते रात्री जागायला माणसं, दर रात्री दोन, आळीपाळीने. यादी लावलीय कॉफीच्या टेबलावर, त्यावर प्रोफेसरांचं नाव पाच वेळा आहे आणि बाकी बऱ्याच ओळी कोऱ्या.

आणि सभेत मत द्यायचं तर सभासदच पाहिजे. आमच्याकडे सहीनंतर महिनाभर मताचा हक्क मिळत नाही, म्हणून याच रविवारी सही केली. कुठल्या तत्त्वावर केली म्हणाल तर मला दोन दारांच्या बाजूने हात वर करायचाय, एवढंच. दत्त देव्हाऱ्यात आहेत.

प्रशांत_नाही
म्हणजे मतदार यादीत नाव घातलंत. चला, हे कारण मला कळतं.

माऊलीभक्त
आणि जागरणाच्या यादीत?

पिंपळपान
शनिवारी. बरोबर नवरापण येतोय, त्याला प्रवचन नको, जागरण चालेल म्हणाला.

सातासमुद्रापार
जागताना लक्षात ठेव, आमच्याकडे पहिल्या रात्री सगळ्यांनी सूप आणलं आणि मोजे कुणीच आणले नाहीत. आलेल्यांना पहिल्यांदा कोरडे मोजे लागतात. जाड, गडद रंगाचे, मोठ्या साइझचे. आणि सकाळी सहाला बाहेर काढू नका, लायब्ररी उघडेपर्यंत तरी बसू द्या, हे ठरावातच लिहून घ्या, नंतर होत नाही.

पिंपळपान
हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं! लायब्ररी नऊला उघडते. दुरुस्ती मांडते.

गिरगावकर_७१
दुरुस्ती मांडते! ताई, आता तुम्ही पूर्ण सभासद झालात.

भीमथडी
निरोप वाचला. येईन. दोन अटी. पेट्रोल आणि मानधन समितीने द्यायचं, घरगुती ओळखीवर नाही. आणि प्रश्नोत्तरात 'पण आता शहरात जात कुठे राहिलीय' हे विचारणारा एखादा भारतीय प्रेक्षकांत आला, येतोच, तर त्याला उत्तर मी देणार नाही, तुम्ही द्यायचं.

पिंपळपान
दोन्ही मान्य. दुसरीची तयारी करावी लागेल, तो बहुधा माझा दीर असेल.

स्वाभिमानी_मावळा
धागा वाचला नाही पण ताई कृपया धर्म बदलू नका. पैशांची अडचण असेल तर सांगा.

चहाटळ
पैशांची अडचण आहेच. मोजे घ्यायचेत.